पासवर्डशेजारचा कोड

दर्शना,

शेवटी तुझी तिजोरी मीच उघडली. तुझ्याच खोलीत, तुझ्याच पलंगाच्या कडेला बसून, तुझ्या भावाला शेजारी घेऊन. आईंना आधी विचारलं. त्यांनी मान हलवली, मग मी लॅपटॉप उघडला. हे सगळं तुला सांगायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते आहे. ऑफिसात काहीही झालं की कॉफीच्या मशीनपाशी येऊन तुला सांगायचं, हा इतक्या वर्षांचा परिपाठ. आता त्या मशीनपाशी जाते, कप भरते आणि परत जागेवर येते.

'तिजोरी' हा तुझाच शब्द. पासवर्ड मॅनेजर म्हणायला तुझी जीभ जड व्हायची. आपले सगळे पासवर्ड एका जागी कुलूपबंद ठेवणारं ते ॲप, त्याचा एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि बाकीचे विसरून जायचे. हेल्पडेस्कवर फोन करणाऱ्या प्रत्येकाला तू ते समजावून सांगायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "काका, तिजोरी समजा. बाकी टेन्शन नका घेऊ."

आपली ओळख भांडणातूनच झाली होती. ऐरोलीच्या त्या ऑफिसात मी नवी होते. सिक्युरिटीच्या टीममध्ये नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी मोठ्या उत्साहानं पहिला नियम काढला: कुठल्याही खात्यात शिरताना पासवर्डबरोबर दुसरा कोड लागेल, आणि तो कोड फक्त स्वतःच्या फोनवरच ठेवायचा. सोमवारी नियम लागू झाला. दुपारपर्यंत तुझ्या डेस्कवरचे फोन थांबेनात. कुणी फोन बदलला होता, कुणाचा रिसेट झाला होता, कुणाचा मुलाच्या हातून फुटला होता. सगळे आपापल्या खात्याच्या बाहेर उभे. संध्याकाळी तू हेडफोन गळ्यात तसाच ठेवून माझ्या जागेपाशी आलीस आणि म्हणालीस, "नियम तू लिहितेस, शिव्या मी खाते. एक दिवस माझ्या खुर्चीत येऊन बस."

मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मी खरंच तुझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तुझं बोलणं ऐकत राहिले. समोरचा माणूस ओरडत असला तरी तू आधी त्याचं नाव विचारायचीस, मग जेवण झालं का विचारायचीस, मग कामाकडे वळायचीस. जेवायच्या सुट्टीत तू डबा उघडलास. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी कराडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. सुकटीच्या वासानं आधी जरा मागे सरकले, मग तू एक घास हातावर ठेवलास, आणि त्यानंतर तुझ्या डब्यात माझा वाटा कायमचा ठरला. तुझ्या आईंना हे कळल्यावर त्या डब्यात एक भाकरी जास्त घालायला लागल्या. मी त्यांना पाहिलंही नव्हतं तेव्हा.

त्या दिवसापासून आपला एकच वाद चालू राहिला. बाहेरच्या माणसाला तो फारच क्षुल्लक वाटला असता. पासवर्ड तिजोरीत ठेवायचे, यावर आपलं दोघींचं एकमत. पण तो दुसरा कोड, दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकड्यांचा, तो कुठे ठेवायचा? मी म्हणायचे, तो फोनवरच हवा. पासवर्ड एकीकडे, कोड दुसरीकडे. दोन्ही एकाच तिजोरीत ठेवले तर दुसऱ्या कुलपाला अर्थ काय राहिला? तू म्हणायचीस, दोन्ही तिजोरीतच ठेवावेत, पासवर्डच्या शेजारी. चोरांच्या हाती बहुतेक वेळा कुठल्यातरी साइटवरून फुटलेला एखादा पासवर्ड लागतो, अख्खी तिजोरी नाही. अशा चोराला कोड अडवतोच, मग तो कुठेही ठेवलेला असो. पण ज्याचा फोन जातो त्या माणसाला त्याच्याच घरात कोण घेणार?

"तुला सगळीकडे चोर दिसतात," तू म्हणाली होतीस. "मला सगळीकडे कुलपाबाहेर उभी असलेली माणसं दिसतात."

"तू चोर पाहिलेले नाहीस म्हणून," मी म्हणाले होते.

दोघींकडे पुरावे होते. तुझा पुरावा म्हणजे आपल्या अकाउंट्समधला तो गृहस्थ, ज्याचा फोन उरणच्या जेट्टीवर होडीत चढताना पाण्यात गेला. मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो एका खात्यात, आणि कोड त्या फोनवर. तू त्या कंपनीला मेल पाठवत राहिलीस, त्याच्याकडून कागदपत्रं गोळा करून घेतलीस, आणि खातं उघडलं तेव्हा तो माणूस तुझ्या डेस्कपाशी उभा राहून रडला. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. मला कळलं.

माझा पुरावा आपल्याच मजल्यावरची ती मुलगी. तिनं तिजोरीला लावलेला मुख्य पासवर्ड आणखी कुठल्याशा खरेदीच्या साइटवरही वापरला होता. तिथून तो फुटला. चोर थेट तिजोरीत शिरला, आणि तिथे पासवर्डही होते, कोडही होते. तिच्या नावानं तिच्या मामाला, मावशीला, होणाऱ्या सासरच्यांना काय काय मेसेज गेले. तू पूर्ण दिवस तिच्याजवळ बसून एकेक खातं परत मिळवत होतीस. संध्याकाळी पार्किंगमध्ये मी तुला म्हणाले, आता तरी मान. तू हेल्मेट घालताना म्हणालीस की तिचा मुख्य पासवर्ड कच्चा होता, यात तिजोरीचा काय दोष. मी म्हटलं, कोड बाहेर असता तर चोर दारातच अडकला असता. यावर तू स्कूटी चालू केलीस आणि म्हणालीस, "बस मागे. कोपरखैरण्याला चल. आई वाट बघते."

तुझ्या घरी पहिल्यांदा आले तो दिवस तोच. गावठाणातल्या त्या बोळात शिरताना मला कळेना की गाडी पुढे जाणार कशी. दोन्हीकडे चार-चार मजले, वरच्या गॅलऱ्या एकमेकींना टेकायच्या बेतात. शहर वसवण्यासाठी तुझ्या आजोबांची शेती गेली त्या वेळचं तू सांगितलंस, हसत हसत, जणू ती दुसऱ्या कुणाची गोष्ट होती. खाली तुझा भाऊ नीलेश आणि त्याचं कुटुंब, मध्ये भाडेकरू, वर तू आणि आई. आईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तुला विचारलं, "हीच का गो चटनीवाली?"

आई धवलारीण आहेत हे तू मला तोपर्यंत सांगितलंच नव्हतंस. लग्नात धवले गाणारी बाई, जिच्याशिवाय तुमच्यात लग्न लागत नाही, हे मला कुठून माहीत असणार. कोपरखैरण्यापासून पार उरणच्या पलीकडच्या गावांपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. मांडव, हळद, नवरी घरातून निघताना, प्रत्येक वेळचं गाणं वेगळं, आणि सगळी त्यांना तोंडपाठ. लिहिलेलं कुठेच नाही. त्यांना लिहिता येत नाही.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करावंच लागेल, नंतर आवाज किती राहील हे सांगता येत नाही. तू मला हे कॉफीच्या मशीनपाशी सांगितलंस, कप हातात धरून, न पिता. आणि त्याच वाक्याच्या पुढे म्हणालीस की आता सगळी गाणी रेकॉर्ड करायची.

ते दिवस मला फार आठवतात, दर्शना. ऑफिस सुटलं की तू धावत घरी. मीही जमेल तेव्हा यायचे. पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, खालच्या पोरांना गप्प करायचं, ही माझी कामं. पहिल्या संध्याकाळी आई गायलाच तयार नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या, पदर सारखा करत राहिल्या. म्हणाल्या, "मांडव नाय, नवरी नाय, मंग गाऊ कोनाला?"

तू इकडेतिकडे पाहिलंस आणि मला पाटावर बसवलंस. माझ्या डोक्यावर टॉवेल टाकलास. माझ्या लग्नाला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, केस पिकायला लागले होते. तू म्हणालीस, "ही घे नवरी. कराडची हाय, पन चालल." आई इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या, आणि हसू ओसरता ओसरता त्यांनी सूर लावला. टॉवेलाखाली घाम येत होता. शब्द अर्धे कळत नव्हते. पण माझं स्वतःचं लग्नही आठवू नये, इतकं खरंखुरं मला त्या संध्याकाळी कुणीतरी सासरी धाडतंय असं वाटलं. गाणं संपल्यावर तू टॉवेल काढलास आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, अगं, खरंच रडतेस की काय.

ऑपरेशननंतर आईंचा आवाज घासल्यासारखा झाला. बोलणं कळायचं, पण गाणं थांबलं. गुणगुणणंही थांबलं. तू सगळी रेकॉर्डिंगं एका वेगळ्या क्लाउड खात्यात चढवलीस. तुझ्या फोनवर होतीच, वर ही दुसरी जागा. खातं तुझ्या पद्धतीनं लावलंस: भक्कम पासवर्ड, त्यावर कोड, आणि दोन्ही तिजोरीत, एकाच नोंदीत. मला मुद्दाम दाखवलंस. मी म्हणाले, आईच्या गाण्यांच्या बाबतीत तरी माझं ऐक. तू म्हणालीस, आईच्या गाण्यांसाठीच तुझं ऐकत नाहीये.

त्यानंतर काही महिन्यांनी कँटीनमध्ये बसलो असताना मला एक मेल आली. दर्शनानं तुम्हाला विश्वासू व्यक्ती म्हणून निवडलं आहे. समोर तू चहात बिस्किट बुडवत होतीस. मी विचारलं हे काय. तू सांगितलंस की तुला काही झालं तर मी तिजोरी उघडण्याची विनंती करू शकते. विनंती केली की तुला मेल येणार. ठरलेल्या मुदतीत तू नकार दिला नाहीस, तर तिजोरी मला दिसणार. मी म्हटलं, नीलेशला का नाही दिलंस, भाऊ आहे तुझा. तू बिस्किट खाऊन झाल्यावर उत्तर दिलंस.

"तो सगळं उघडून बघत बसेल. तू नियमवाली आहेस. लागेल तेवढंच बघशील."

मी हसून 'स्वीकारा' दाबलं आणि चहाचे पैसे तू देशील का असं विचारलं. एवढंच. त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

त्या दिवशी सकाळी मी उलव्यात घरीच होते. नीलेशचा फोन आला. तू ऑफिसला निघालीस, जिना उतरताना मध्येच बसलीस, डोकं धरलंस आणि आडवी झालीस. वाशीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत तू बोलत नव्हतीस, आणि मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले. मी तुझे पाय पाहिले. एका पायात चप्पल होती. मला दुसरी कुठे आहे हे शोधावंसं वाटत होतं, दुसरं काहीच सुचत नव्हतं.

तुझा फोन त्या धावपळीत गेला. रिक्षात राहिला की स्ट्रेचरवरून पडला, कुणालाच सांगता येईना. त्या वेळी त्याची आठवणही कुणाला झाली नाही.

आई त्या दिवसापासून बोलायच्या थांबल्या. नीलेशला वाटलं, घशाचंच काहीतरी असेल. डॉक्टरांनी तपासलं आणि घसा होता तसाच आहे म्हणून सांगितलं. पानात वाढलं तर दोन घास खायच्या, हात धरून नेलं तर गॅलरीत बसायच्या. तेराव्याला नातेवाईक आले, बायका गळ्यात पडून रडल्या, पण आईंच्या तोंडून शब्द नाही. नीलेशच्या मनात आलं की त्यांना त्यांचीच गाणी ऐकवावीत, त्यानं काहीतरी हलेल. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गाणी फोनमध्ये होती आणि फोन नाही.

तो माझ्याकडे उलव्याला आला. तुझ्या नंबरचं नवं सिम काढून घेऊन आला होता बिचारा. क्लाउडवर दुसरी प्रत आहे हे त्याला ठाऊक होतं; त्याला वाटलं होतं, पासवर्ड कुठूनतरी मिळेल आणि कोड या नंबरवर येईल. मी त्याला समजावलं की हा कोड नंबरावर येत नाही, तो ज्या ॲपमध्ये ठेवलेला असतो तिथेच तयार होतो. आमच्या घरावरून विमान गेलं, तेवढा वेळ दोघंही थांबलो. आवाज गेल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे गेलं सगळं?"

माझं ऐकलं असतंस तर गेलं असतं, दर्शना. कोड फक्त त्या फोनवर असता आणि फोन हरवलेला. खात्याचा पासवर्ड हातात येऊनही मी बाहेर उभी राहिले असते.

मी नीलेशला तिजोरीबद्दल सांगितलं आणि म्हटलं, आधी आईंना विचारू. आम्ही दोघं कोपरखैरण्याला गेलो. मी आईंच्या समोर बसले, सोप्या शब्दांत सांगितलं की दर्शनानं तुमची गाणी जपून ठेवलीत, कुलूप आहे, त्याची किल्ली मागायची परवानगी ती मला देऊन गेली आहे, मागू का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

विनंती पाठवली आणि स्क्रीनवर ओळ आली: मालकानं मुदतीत नकार दिला नाही तर प्रवेश मिळेल.

तू मुदत कमी ठेवायला हवी होतीस. मी रोज कामाला जात होते, मीटिंगांत बसत होते, नियम लिहीत होते, आणि सारखा फोन बघत होते. मला काय हवं होतं माहीत आहे? नकार. तुझ्या मेलवर सूचना गेली असणार, आणि तू कुठूनतरी ती उघडून 'नाही' दाबशील, आणि वर मला फोन करून म्हणशील की एवढी कसली घाई. मी तांत्रिक बाई आहे. तुझी मेल कुणीच उघडू शकत नाही हे मला ठाऊक होतं. तरीही वाट पाहत होते. गाणी मिळू नयेत असं थोडंच वाटत होतं, पण मुदत संपू नये असं वाटत होतं.

संपली. दुपारी, कॉफीच्या मशीनपाशीच होते मी. प्रवेश मंजूर झाल्याची मेल आली. हॉस्पिटलात मी रडले नव्हते, तेराव्याला नव्हते रडले. तिथे रडले. तुझ्या हाताखाली तयार झालेली, आता तुझ्या जागी बसणारी मुलगी धावत आली. तिनं मला खुर्ची दिली आणि विचारलं, जेवण झालं का. हे तिला तूच शिकवलं असणार.

रविवारी तुझ्या खोलीत लॅपटॉप उघडला. तिजोरीत तुझ्या सगळ्या खात्यांची नावं एकाखाली एक. मी फक्त एकच नोंद उघडली, शब्द पाळला तुझा. म्हणजे, जवळजवळ पाळला. तुझ्या मेलची नोंदही मी पाहिली, कारण मला एक गोष्ट बघायची होती. तिथे पासवर्ड होता, कोड नव्हता. इतक्या वर्षांत मी तुला कितीदा सांगितलं होतं की निदान मेलचा कोड तरी तिजोरीबाहेर ठेव, कारण मेल हातात आली की बाकीची सगळी खाती नव्यानं उघडून घेता येतात. तू दर वेळी हात झटकायचीस. आणि गुपचूप ऐकलं होतंस. कधी ऐकलंस? त्या मुलीच्या प्रकरणानंतर? पार्किंगमधून मला घरी नेलंस त्या रात्री? मला सांगितलं असतंस तर मी आठवडाभर तुला चिडवलं असतं, म्हणूनच नाही सांगितलंस. तुझी मेल बंदच राहिली आहे. राहू दे. त्यात काय आहे ते तुझं आहे.

गाण्यांच्या नोंदीत मात्र दोन्ही होतं. पासवर्ड, आणि त्याच्या शेजारी कोड. सहा आकडे, आणि बाजूला वेळ संपत जाणारं ते छोटं वर्तुळ. वर्तुळ रिकामं झालं, आकडे बदलले. पुन्हा भरलं, पुन्हा बदलले. तू गेल्यापासून, कुणी बघत नसताना, ते असेच बदलत राहिले असणार. मी बघतच बसले. नीलेशनं हळूच विचारलं, "ताई, टाकताय ना?" मी टाकले. खातं उघडलं.

वाद संपला असं मी म्हणत नाही. ऑफिसात मला परवाच कुणीतरी विचारलं की कोड पासवर्डच्या शेजारी ठेवावेत का, आणि मी माझं उत्तर दिलं, तेच जुनं, पण पुढे तुझंही सांगितलं. तुझ्या बाजूनं बोलताना माझ्या तोंडात तुझेच शब्द येतात. समोर तू नसल्यामुळे दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात, आणि त्यात काही मजा नाही.

गाणी उघडली तेव्हा आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नीलेशनं ती आपल्या फोनवर उतरवून घेतली आणि हळदीचं गाणं लावलं. त्यांचा तो जुना आवाज, भरलेला, खोलीभर पसरला. नीलेशनं मान खाली घातली. खालून त्याची बायको वर आली आणि दारातच उभी राहिली. आई हलल्या नाहीत. गाणं संपलं. नीलेशनं दुसरं लावलं, मग तिसरं. काहीच नाही. आपलाच आवाज ऐकून त्यांना आणखी त्रास होत असेल, असं वाटून मी त्याला थांबवणार होते.

तेवढ्यात एका गाण्याच्या शेवटी तू बोललीस. रेकॉर्डिंग बंद करायचं तू विसरली असशील, किंवा मुद्दाम चालू ठेवलं असशील. सूर विरला आणि लगेच तुझा आवाज आला, अगदी जवळून, "आये, हा गाना तुना कोनी शिकवला?"

रेकॉर्डिंगमधल्या आई उत्तर देण्याआधी पलंगावरून आवाज आला. घासलेला, फुटका.

"माज्या आयेनी."

आणि मग फोनमधून तेच दोन शब्द, खणखणीत. "माज्या आयेनी."

आई उठून बसल्या. नीलेशच्या हातातल्या फोनकडे बोट केलं. "तिचा लाव," म्हणाल्या. "माजा नको. ती बोलतं, ता लाव."

मग आम्ही गाणी पुढे ढकलत फक्त तुला शोधत राहिलो. तू सगळीकडे होतीस, गं. प्रत्येक गाण्याच्या टोकाला. थांब आये, परत म्हन. पंखा कोनी लावला? ही नवरी घामानं भिजली बघ. मना समजला नाय, सांग ना. मधूनच तुझं हसणं, आणि एकदा माझंही. आम्ही इतके दिवस आईंची गाणी वाचवायला धडपडत होतो, आणि त्यांना त्या गाण्यांच्या मधल्या जागा हव्या होत्या. त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होत्या. रेकॉर्डिंगमधल्या बाईच्या आधी, कधी तिच्याबरोबर. नीलेशची बायको पाणी घेऊन आली तर त्या ते प्यायल्याही.

शेवटची फाइल संपली. मी विचारलं, "आई, परत पहिल्यापासून लावू?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. माझा हात धरला आणि फोन त्या हातात ठेवला.

"आता तू इचार."

मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मला काहीच विचारता येईना. तुझ्यासारखं बोलता येत नाही मला, तुमची बोली येत नाही, गाण्यातलं काही कळत नाही. शेवटी जे पहिलं सुचलं ते विचारलं, "आई, दर्शनाला पहिलं गाणं कुठलं शिकवलंत?"

त्या हसल्या. तू गेल्यानंतर पहिल्यांदा.

"ती कदी गायलीच नाय गो. ती इचारायची. एवरीशी व्हती, मांडवात माजा पदर धरून उबी. मी गातंय, नवरी ररतंय, अन ही खालून मना इचारतंय, आये, मंग? मी गान्याची दुसरी वल घेतली, परत, आये, मंग?"

दम लागला म्हणून त्या थांबल्या. घसा दुखत असावा. पण डोळे माझ्याकडेच होते, वाट पाहत.

मी म्हणाले, "मग?"